आई बदलून मिळेल

हसावं तरी किती माणसानं! जेवणाच्या टेबलाभोवती बसून घरातली चारही माणसं हसून हसून अर्धमेली झाली होती, आणि ज्या बाईवर सगळे हसत होते तीही त्यांतच होती. थोरल्यानं फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला होता. धाकटी एकेक प्रतिक्रिया मोठ्यानं वाचत होती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते नॅपकिननं पुसत म्हणत होते, "पुरे गं, ठसका लागेल मला."

त्याचं असं झालं. टीव्हीवरच्या त्या कायापालटाच्या कार्यक्रमाचा थोरल्याला भयंकर राग. तुम्ही पाहिलाच असेल तसला कार्यक्रम. चकचकीत कपड्यांतले तज्ज्ञ एखाद्या साध्यासुध्या बाईच्या घरात घुसतात, तिचे केस कापतात, कपडे फेकून देतात, आणि शेवटी पडदा सरकला की घरचे ओक्साबोक्शी रडायला लागतात, जसं काही इतके दिवस घरात भूतच नांदत होतं. थोरला म्हणाला, याची एकदा चांगली खिल्ली उडवली पाहिजे. घरातच करू, बाहेरचं कोणी नको. फक्त एक नटी लागेल, ती आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली आहे, ती येईल.

"आणि मी काय करू?" आईनं विचारलं होतं.

"तू फक्त बस. तुला अभिनय करायची गरजच नाही."

आईला ते कौतुक वाटलं. आता काय म्हणावं! ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर उभं राहून कपड्यांवरचे डाग काढते, तिला आयुष्यात कोणी काही न करता नुसतं बस म्हटलेलं नव्हतं.

तर ती बसली. आपला रोजचा करडा स्वेटर घालून, ज्याचं खालचं बटण दुसऱ्याच कुठल्या तरी कोटाचं आहे. थोरला खोट्या मिशा लावून तज्ज्ञ झाला. त्यानं तिच्या केसांत कंगवा घातला, तो अडकला. ओठांना रंग लावला, मान हलवली. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. शेवटी नवऱ्याच्या भूमिकेतले बाबा पुढे आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हा भाग दुरुस्त होणार नाही. बदलावा लागेल." हे वाक्य बाबांचं स्वतःचं. जन्म गेला त्यांचा बसडेपोत सुटे भाग मोजण्यात. वाक्य सुचलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता! मग न्हाणीघराचा पडदा सरकला आणि मागे निळ्या ड्रेसमधली ती नटी उभी, तरुण, हसरी, केस असे की बघत राहावं. सगळे तिच्या गळ्यात पडले. जुन्या आईला फ्रीज हलवायच्या ढकलगाडीवर बसवून खाली नेलं आणि इमारतीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं, मांडीवर पिशवी. व्हिडिओचं नाव 'आई बदलून मिळेल'.

पण हा काही शेवट नव्हता. शेवट पुढे होता आणि त्या शेवटासाठीच आई तयार झाली होती. त्यात बाबा जेवायला टेबलाशी बसतात, इकडेतिकडे बघतात, काहीतरी चुकल्यासारखं होऊन उठतात आणि धावत खाली येतात. आईचा हात धरून तिला वर नेतात. चित्रीकरणाच्या दिवशी ते खरंच धापा टाकत आले होते. त्यांचा एक गुडघा दुखरा, जिना उतरताना एक पाऊल जड पडतं. त्यांनी तिचा हात धरला आणि कागदावर नसलेलं एक वाक्य बोलले, "चल गं, सूप निवतंय."

बस, एवढंच. पण बाबांनी तिचा हात धरल्याला किती वर्षं झाली होती ते तिलाही आठवेना. डागांच्या औषधांनी तिच्या बोटांची कातडी खडबडीत झालीय. त्यांनी ती बोटं घट्ट धरली होती. जिना चढून वर आल्यावरही क्षणभर सोडली नव्हती. तिनं हे कोणाला सांगितलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस कपडे घासताना ती मनातल्या मनात तेच वाक्य घोळवत होती.

व्हिडिओ आला तेव्हा तो शेवट त्यात नव्हताच.

"कापला," थोरला म्हणाला. "शेवटी उगाच रडारड झाली असती गं. लोक हसत असताना सोडायचं असतं. ती डब्याजवळ बसलेली दिसते ना, तिथे काळं होतं, संपलं. आणि बघ ना, काय चाललाय!"

चाललाच होता. आणि त्या घरात एक नवीनच पद्धत पडली. रात्रीच्या जेवणाला कोणी आधी ताटाकडे बघेना. धाकटी वाचणार, सगळे हसणार, आणि कोणत्या प्रतिक्रियेला काय उत्तर द्यायचं ते सर्वांनी मिळून ठरवणार. थोरल्याचा हट्टच होता, जो लिहील त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

"'आमच्याकडेही एक आहे. कुठे जमा करायची?'" धाकटी वाचायची.

"'दुसरीचा पत्ता द्या. आमचे बाबा विचारताहेत.'"

"'पहिलीचं तोंड बघून दूध नासलं.'"

"'पहिली खरंच अशी आहे की मेकअप केलाय?'"

"लिही," थोरला म्हणाला, "मेकअप अजिबात नाही, माल अस्सल आहे."

पहिली आणि दुसरी. ही नावं बघणाऱ्यांनी ठेवली. कोणा एका बाईनं लिहिलं होतं, की यात हसण्यासारखं काय आहे, तुम्हाला आया नाहीत का? तिच्यावर लोक असे तुटून पडले की बिचारीनं आपलं लिहिलेलं काढूनच टाकलं. विनोद कळत नाही म्हणे तिला. आईनं ते वाचून व्हायच्या आत ते नाहीसं झालं होतं.

आई हसत होती, हे मी आधीच सांगितलंय. घरातले सगळे हसत असताना आपण तोंड पाडून बसलो तर मुलाच्या यशावर विरजण पडेल, असं तिला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिला हसू आलंही होतं. तोंड बघून दूध नासलं, म्हणजे काय! पण हसू रोज रोज कुठून आणायचं? काही दिवसांनी ती वाढता वाढता हसायला लागली, म्हणजे पाठ वळवून.

दुकानात तर वेगळीच तऱ्हा. एक गिऱ्हाईक बाई कोट घेऊन आली. बाहीवर डाग होता. आई नेहमीसारखं विचारायला लागली, डाग कसला, कधी पडला, त्यावर पाणी लावलंत का, कारण ते कळल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नसतो. बाई उत्तरच देईना. नुसती टक लावून बघत राहिली आणि मग किंचाळली, "अय्या, तुम्ही पहिली ना?"

तिला फोटो हवा होता. साधा नाही, तसंच तोंड करून, ओठ खाली ओघळलेले. आईनं तसं तोंड केलं. अभिनय करायची गरज नव्हती म्हणे, पण आता करावाच लागत होता. आत कपडे लटकवणारा मालक कौतुकानं बघत होता आणि त्या दिवसापासून तोही हाक मारायला लागला, "पहिली, तो कोट झाला का?"

मनाला लागलं तिच्या. खूप लागलं. पण कोणाला बोलणार? रागवायचं तरी कोणावर? पोरगा वाईट नाही, नवरा वाईट नाही. मारहाण नाही, शिवी नाही. सगळे हसताहेत, एवढंच. हसण्यावर तक्रार कशी करायची ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुकानात इस्त्री करणारी एक बाई होती, आईची मैत्रीणच म्हणा. आपल्या फोनवरून तीही व्हिडिओखाली लिहायची, मांजराचा फोटो लावलेल्या खात्यावरून. एका दुपारी दोघी वाफेच्या यंत्रामागे डबा खात होत्या तेव्हा आई म्हणाली, "मला जरा एक लिहून देशील?"

"काय लिहू?"

आईनं पुष्कळ विचार केला. मग म्हणाली, "लिही, पहिली कुठे गेली? तिला परत आणलं की नाही?"

"एवढंच?"

"एवढंच."

सरळ घरात विचारायचं सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण घरात विचारलं तर उत्तर काय मिळणार ते तिला पाठ होतं: अगं, विनोद आहे तो. अनोळखी माणसाला घरचे खरं सांगतील, असं तिला वाटलं. थोरला म्हणेल, हो, आणलं ना परत, शेवट कापावा लागला. धाकटी म्हणेल, ती माझी आई आहे, घरीच आहे. आणि बाबा... बाबांना तर ते वाक्य आठवेलच. तिघांपैकी एकानं म्हटलं तरी पुरे होतं. त्यावर तिनं सगळं सोडून दिलं असतं, पहिली म्हणा नाहीतर शेवटची म्हणा.

रात्री तिनं सूप वाढलं. लक्ष धाकटीच्या फोनकडे होतं म्हणून डाव अर्धाच भरून घेत होती. धाकटी वाचत होती. एक झालं, दुसरं झालं, कोणी भाग दुसरा कधी म्हणून विचारत होतं, कोणी दुसरीशी लग्न करायला तयार होतं. आणि मग, "हे बघा, मांजर विचारतंय. 'पहिली कुठे गेली? तिला परत आणलं की नाही?'"

आईचा जीव डाव धरलेल्या हातात येऊन बसला.

"अरे वा," थोरला म्हणाला, "याला उत्तर जबरदस्त पाहिजे." तो छताकडे बघायला लागला. धाकटी म्हणाली, "लिहू का, कचऱ्याची गाडी येऊन गेली?" थोरला म्हणाला, बरंय, पण अजून चांगलं हवं.

आई बाबांकडे बघत होती. बाबांचा चमचा हवेत थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखं आलं, तिनं ते स्पष्ट पाहिलं.

"लिही," बाबा म्हणाले. "पहिली आत भांडी घासतेय. दुसरीच्या नखांना पॉलिश आहे ना!"

टेबल दणाणलं. थोरल्यानं बाबांच्या हातावर टाळी दिली. "बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" धाकटीनं टपाटप लिहून टाकलं. आईसुद्धा हसली. आणि मग आत गेली, कारण भांडी खरोखरच पडली होती.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली फोन नाचवतच आली. "बघ, बघ, तुझ्या प्रश्नाला काय झकास उत्तर दिलंय! लोक वेडे झालेत नुसते." त्या एका ओळीखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती, बोटानं सारलं तरी संपेना. मैत्रिणीला वाटलं, आईला अभिमान वाटेल. ती तरी काय करणार. ती आपली हसणाऱ्यांतली एक.

मग भाग दुसरा ठरला. लोकांनी मागितलाच होता. यात पहिली परत येते, दाराची बेल वाजवते, बाबा दार उघडतात, तिला ओळखत नाहीत, "कोण आपण?" म्हणतात आणि दार लावून घेतात.

"आणि शेवटी मला आत घेतात ना?" आईनं विचारलं.

"हो गं, बघू," थोरला म्हणाला. तो दिव्याची उंची ठरवत होता.

दुसरी आली. कपडे बदलायला तिला आईचीच खोली दिली. आई टाचण्या द्यायला आत गेली तर ती आरशासमोर उभी होती, आणि एकदम वळून म्हणाली, "काकू, तो शेवट का हो कापला? मला तर तोच आवडला होता. काका काय छान म्हणाले होते, सूप निवतंय म्हणून."

म्हणजे कोणीतरी ऐकलं होतं. अख्ख्या जगात एकीनं ऐकलं होतं, आणि ती नेमकी ही!

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "तुझी मागची शिवण उसवलीय, थांब, टाचते."

चित्रीकरण सुरू झालं. आईनं जिन्यात उभं राहायचं, बेल वाजवायची, दार बंद झालं की तिथेच थांबायचं. थोरला हाक मारेल तेव्हा आत यायचं. तिनं बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नाकातल्या आवाजात म्हणाले, "कोण आपण?" आणि तिच्या तोंडावर दार लावलं. आतून हसणं ऐकू आलं. छान झालं असावं.

ती थांबली. जिन्यातला दिवा आपोआप विझणारा होता, तो विझला. तिनं हात हलवून पुन्हा लावला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन चढत होते, म्हणाले, "बाहेर का उभ्या?" ती म्हणाली, "शूटिंग चाललंय." ते म्हणाले, "वा वा," आणि गेले. दिवा पुन्हा विझला. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग चमच्यांचा. सूप तीच करून ठेवून आली होती.

ते जेवायला बसले होते.

मुद्दाम नाही हो. विसरले. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिनं बेल वाजवली.

"कोण?" आतून बाबांचा आवाज आला.

"मी."

इतकी वर्षं त्या दारावर एवढं पुरत होतं. आत कोणीतरी खुसखुसलं. मग बाबा त्या नाकातल्या आवाजात म्हणाले, "मी कोण?"

तिनं तोंड उघडलं. आई म्हणावं, तर बाबांची ती आई नव्हे. नाव सांगावं, तर ते या घरात कोणी किती दिवसांत उच्चारलंच नव्हतं, स्वतःच्याच तोंडून परकं वाटलं असतं. तिला थंडी वाजत होती आणि आत जायचं होतं.

"पहिली," ती म्हणाली.

आत एकच हशा पिकला आणि कडी निघाली. थोरला दारात होता, त्याचे डोळे लकाकत होते. "आई! अगं, काय बोललीस! हे घ्यायलाच हवं होतं. परत जा ना बाहेर. परत बेल वाजव, आणि अगदी अस्संच म्हण. तोच आवाज, तेच तोंड."

त्याच्या खांद्यावरून तिला टेबल दिसलं. तिच्या खुर्चीवर दुसरी बसली होती. ती अर्धवट उठली, काहीतरी म्हणणार होती, पण धाकटीनं तिच्या वाडग्यात सूप ओतलं आणि ती पुन्हा बसली. चार खुर्च्या होत्या घरात, आणि थोरल्याची एक रिकामी दिसत होती, एवढंच.

आई मागे फिरली. दार लागलं.

तिनं बेल वाजवली नाही. जिन्याचा कठडा धरून ती खाली उतरली, आणि फाटकाबाहेर त्या कचऱ्याच्या डब्याशेजारी, मागच्या वेळी जिथे बसवली होती तिथेच, कडेच्या दगडावर बसली. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. स्वेटरचं खालचं बटण लावायचा तिनं प्रयत्न केला, पण ते काजाला मोठं होतं. तिनं ठरवलं होतं असं नाही. पायच तिकडे गेले. एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, की कोणी यायचं असेल तर इथेच येईल.

वर खिडकी उघडली. "अरे, ती खाली बसलीय! डब्याजवळ!" धाकटीचा आवाज. खिडकी लागली. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एक हलकं, एक जड. एक हलकं, एक जड. तिनं मान वर केली नाही, पण तिचं काळीज इतकं धडधडायला लागलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. या वयात! पावलं फाटकातून बाहेर आली, जवळ आली, थांबली. बाबा धापा टाकत होते. त्यांनी वाकून तिचा हात धरला, तसाच घट्ट, खडबडीत बोटांसकट, आणि म्हणाले, "चल गं, सूप निवतंय."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळं गेलं त्या पाण्याबरोबर, नासलेलं दूध, मालकाच्या हाका, ते बंद दार. तिनं दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि उठायला लागली.

"आलं का रे नीट?" बाबांनी मागे वळून विचारलं.

फाटकाच्या खांबामागून थोरला बाहेर आला, फोन डोळ्यांसमोर धरून. "आई, काय रडलीस गं! अप्रतिम! पण बाबा, तुमची सावली पडली तिच्या तोंडावर. परत घेऊ. तुम्ही वरून उतरत या. आई, तू तशीच बस. पुसू नकोस डोळे."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात सोडला आणि पुन्हा उतरत यायला ते जिन्याकडे गेले.